मागच्या काळातली गिताआत्या

आमच्या आणि गिताआत्याच्या घरांच्या मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. त्यातून शेळी येत नाही, बोलणं मात्र सगळं येतं. त्यामुळं मी सांगते ते ऐकीव असलं तरी खात्रीचं आहे.

गिताआत्या धनगराची. तिचे सासरे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता इथं केंदुरातच थोडं रान आणि दारात थोडी मेंढरं. नवरा वारल्यावर सगळ्यांनी तिला मेंढरं विकायला सांगितलं, तिनं एक विकलं नाही. दुसरी एक गोष्ट ती कधी सोडत नाही, ती म्हणजे झालेला अपमान. गावातल्या सोजराबाईनं एकदा घरच्या लग्नात तिला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. आत्या पोटभर जेवून आली. कित्येक वर्षांनी सोजराबाईच्या नातवाच्या बारशाला ऐन पाळणा म्हणायच्या वेळी आत्याचा घसा बसला. गावात पाळणा म्हणणारी ती एकटीच. बायका मुक्यानं पाळणा हलवत बसल्या, आणि आत्या घुगऱ्या खाऊन खणखणीत आवाजात "येते गं" म्हणून घरी आली.

अशा बाईच्या वाट्याला पोपटराव गेले.

पोपटराव म्हणजे आमचे माजी सरपंच. त्यांचा बंगला एका टीव्ही मालिकेला भाड्यानं दिला होता. मालिका विनोदी, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायची. तीनशे वर्षांपूर्वीचं एक कुटुंब विहिरीत उतरतं आणि वर येतं ते थेट आजच्या काळात. परत जायची वाट सापडत नाही, मग ते मिक्सरला भितात, ट्रॅक्टरला नमस्कार करतात, असलं सगळं. एका भागासाठी त्यांना रस्त्यानं मेंढरं नेणारी बाई हवी होती. पोपटरावांनी आत्याला बोलावलं.

शूटिंगची व्यवस्था बघणारी शितल नावाची पोरगी पावडरचा डबा घेऊन पुढं आली, तर पोपटराव खुर्चीतून म्हणाले, "हिला कशाला मेकअप? ही अजून त्याच काळात हाय." सगळे हसले. डायरेक्टरला ते इतकं आवडलं की त्यानं तेच मालिकेत घातलं. विहिरीतलं कुटुंब आत्याला बघतं, आनंदानं मिठ्या मारतं आणि ओरडतं, "पोचलो, आपला काळ आला!" मागून हसण्याचा आवाज.

तो भाग लागला आणि गावाला खेळ मिळाला. आत्या दुकानात गेली की कट्ट्यावरून कुणीतरी म्हणायचं, "आपला काळ आला." तेही तिनं सवडीनं फेडायला ठेवलं असतं. पण नात धनश्री कारेगावला कंपनीत जाते. तिथल्या पोरी तिला विचारायला लागल्या, तुझ्या आजीला कुठल्या विहिरीतून काढली. दर आठवड्याला धनश्री आजीला स्कूटीवर शिरूरच्या बाजाराला न्यायची. त्या आठवड्यात म्हणाली, "आज्जे, आज मला काम हाय." पुढच्या आठवड्यातही काम. तिसऱ्या आठवड्यात तर आत्या एसटीनं बाजारात पोचली आणि धनश्री मैत्रिणींबरोबर समोरून आली. नातीनं मान वळवली.

त्या दिवशी आत्यानं कुंपणापाशी येऊन मला एवढंच सांगितलं, "सुलक्षणा, माझी नात नेली गं त्यानं."

मालिका संपत आली. शेवटच्या भागात कुटुंब परत आपल्या काळात जाणार, आणि त्यांना न्यायला एक सरदार येणार. पोपटरावांनी खटपट करून ते काम स्वतःला मिळवलं. मुलगी स्नेहल हिची सोयरीक दौंडला जमली होती. दौंडचे व्याही शूटिंग बघायला येणार होते. सरदाराच्या आगेमागे मेंढरं हवीच होती. पोपटराव आत्याच्या दारात आले, चप्पल न काढता.

"गिताबाई, तुझी मेंढरं लागत्याल. आन् अंगावर घ्यायला जुनी घोंगडी हाय का? नवी नको. अस्सल पायजे."

"हाय की," आत्या म्हणाली. "त्याच काळातली हाय."

आता हे आमच्याकडं धनगराच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, पण उसाच्या जिवावर बंगला बांधलेल्याला कुठून कळणार. मेंढरांना मीठ म्हणजे जीव की प्राण. कुणी दगडावर मीठ टाकतं. आत्या एका जुन्या घोंगडीवर टाकते, वर्षानुवर्षं तीच. ती घोंगडी नुसती झटकली तरी मेंढरं रानातून पळत येतात. मी बघितलं, आत्या ती मिठाच्या पाण्यात बुडवून कुंपणावर वाळत घालत होती. शिवाय शूटिंगच्या आधीचे दोन दिवस तिनं मेंढरांना मिठाचा खडा दाखवला नाही.

"आत्या, ही कडक होईल," मी म्हटलं.

"जुन्या वस्तू कडकच असत्यात," आत्या म्हणाली.

मी घरात येऊन पदर तोंडात कोंबला.

शूटिंगला निम्मं गाव जमलं. दौंडचे व्याही पुढच्या खुर्च्यांवर. पोपटराव फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन आले. घोंगडी खांद्यावर घेतली, कडकपणावर हात फिरवून व्याह्यांना म्हणाले, "बघा, आता असली मिळत न्हाई." डायरेक्टरनं इशारा केला. आत्यानं मेंढरांपुढची काठी बाजूला घेतली, बस.

पहिल्या मेंढीनं मागून घोंगडीचं टोक धरलं. पोपटरावांनी झटकलं, आणि झटकणं म्हणजे जेवायचं बोलावणं. सगळा कळप आला. पोपटराव पुढं, मेंढरं मागं, शूटिंगसाठी मांडलेल्या धान्याच्या कणगीभोवती एक फेरी, व्याह्यांच्या खुर्च्यांमधून दुसरी. घोंगडी टाकून द्यायचं त्यांना सुचलं नाही, उलट गुंडाळून छातीशी धरली. एक मेंढा धोतराचा सोगाच चघळायला लागला. शेवटी सरदार विहिरीच्या कठड्यावर चढले आणि ओरडले, "गिताबाई, आवर!"

"सरकार, मी तर मागच्या काळातली," आत्या शांतपणे म्हणाली. "मला आत्ताचं काय कळतंय?"

दौंडचे व्याही रुमालात हसले. डायरेक्टरला तर हवंच होतं.

आठवड्यानं पोपटराव पुन्हा आले. या वेळी चप्पल दाराबाहेर. शितलनं त्यांना सांगितलं होतं, मेंढरांच्या मालकिणीनं नाही म्हटलं तरच तो प्रसंग कापता येईल. आत्यानं त्यांना बसायला तीच घोंगडी टाकली. मी कुंपणापाशी लसूण सोलत होते.

"गिताआत्या," पोपटराव म्हणाले. आजवर 'गिताबाई'च्या पलीकडं कधी गेले नव्हते. "व्याह्यांसमोर झालं ते झालं. पर टीव्हीवर गेलं तर आमची स्नेहल दौंडात कसं तोंड दाखवणार? तुम्ही फकस्त न्हाई म्हणा."

आत्यानं चहा केला. त्यांना चहा संपवू दिला.

"म्हणते की," ती म्हणाली. "पर आधी तुम्ही त्या हिरीत उतरा. मागं जा, आन् त्या दिवशीचं तुमचं हसणं पुसून या. माझ्या नातीनं बाजारात मान वळवली, ती सरळ करून या. मग म्हणते."

"असं कुठं मागं जाता येतं का आत्या?"

"मग मला बी येत न्हाई."

शेवटचा भाग लागला. विहिरीतलं कुटुंब कठड्यावरच्या सरदाराकडं बघतं आणि म्हणतं, आम्ही इथंच राहतो. आता पोपटरावांची गाडी पेठेतून गेली की कट्ट्यावरून आवाज येतो, "ब्यां." स्नेहलचं लग्न जमलेलंच आहे, तिला कोणी काही बोललं नाही. पण व्याही फोन करतात तेव्हा आधी मेंढरं कशी आहेत म्हणून विचारतात.

"ही माझी आजी," असं म्हणत धनश्रीनं तो भाग कंपनीत आपणहून सगळ्यांना दाखवला म्हणे. बाजाराच्या दिवशी तिनं स्कूटी दारात आणून उभी केली.

"आज्जे, चल."

आत्या पिशवी घेऊन तिच्यासमोरून निघाली. "मी एसटीनं जाते. मला काम हाय."

पुढच्या आठवड्यातही तसंच. धनश्री एसटीच्या मागं मागं स्कूटी चालवत शिरूरपर्यंत गेली आणि तशीच परत आली. आज सकाळी मी आत्याला म्हटलं, पोरगी रडकुंडीला आलीय, बस आता एकदा तिच्या मागं.

"बसणार हाय की," आत्या मेंढरांपुढं मीठ टाकत म्हणाली. "अजून एक बाजार."