रमाकांत आणि मागचं दार

२०२५ साल, आणि रमाकांत पस्तिशीचा. जायचं वय नव्हे. हायवेच्या कडेला आपटलेल्या एका गाडीचे फोटो काढत उभा होता, मागून ट्रक आला आणि त्याला गाडीसकट चिरडून गेला. मी दुबईत अल कूजच्या गॅरेजात बोनेट ठोकत होतो तेव्हा फोन आला. 'तात्या, आपला रम्या खलास,' एवढंच पलीकडचा बोलला. मी त्याला शिवी हासडली आणि फोन भिंतीवर आपटला. माणूस गेला हे असं सांगतात?... त्याला आता महिना झाला. फोनची काच अजून तशीच फुटकी आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. सदुसष्ट वर्षांचा. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला, आणि माझ्यासारखा डेंटर दुबईत दुसरा दाखवा, असं मी कुणालाही तोंडावर सांगतो. रमाकांत माझ्या हाताखाली तयार झाला. चिपळूणकडचा, माझ्याच वाडीतला. हात चांगला, डोकं गरम. कुणी वाकडं बघितलं तरी हा अंगावर जायचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती लपवायची मला गरज वाटत नाही. गाडी पुढून उजवीकडे लागून आली की आमच्या गॅरेजात तो मार हातभर मागे न्यायची रीत होती. हातोड्याला चिंध्या गुंडाळायच्या आणि मागच्या दारावर एक सणसणीत घाव घालायचा. बिल फुगायचं, भरणार विम्याची कंपनी. आम्ही त्याला 'गाडी वाढवणं' म्हणायचो. एकदा एका पिकअपवाल्याच्या बाबतीत ते उघडं पडलं आणि कंपनीनं त्याचा सगळाच क्लेम फेटाळला, खरा लागलेला मारसुद्धा. तो लोखंडी बार घेऊनच गॅरेजात शिरला. 'माझं पोट मारलंत! दार मी फोडलं का तुम्ही?' ओरडत त्यानं समोर दिसतील त्या काचा फोडल्या आणि एक फटका रमाकांतच्या खांद्यावर हाणला. आम्हाला वाटलं, आता इथं मुडदा पडणार. पण रमाकांतनं हात उचलला नाही. खांदा धरून नुसता उभा राहिला. नंतर मला म्हणाला, 'तात्या, त्या दारावरचा घाव माझा होता.'

त्याच आठवड्यात त्यानं इन्शुरन्समधल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला नाव घातलं. आठवडाभर पत्रा ठोकायचा आणि सुट्टीच्या दिवशी खोलीवर बंकच्या खाटेवर पुस्तक घेऊन बसायचा. खोलीतले हसायचे. 'साहेब, आमच्या कुकरचा विमा उतरवता का?' एकानं मस्करीत पुस्तकावर आमटी ओतली, तर यानं त्याचं डोकं धरून बंकच्या दांड्यावर आपटलं. दोन टाके पडले. मग कुणी पुस्तकाला हात लावला नाही. मी विचारलं, 'पत्रा काय उपाशी ठेवतोय का तुला?' म्हणाला, 'तात्या, मला पलीकडे उभं राहायचंय. खरा मार कुठला आणि ठोकलेला कुठला, ते सांगायला.' मी म्हटलं, 'मग एक दिवस माझ्याशीच भांडशील.' 'आता काय ओव्या गातो का आपण?' म्हणाला.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी अल बर्शातल्या एका कुटुंबाची पांढरी गाडी आली. पुढून फुटलेली. बबन आमचा फोरमन, साताऱ्याकडचा, हत्तीएवढा. म्हणाला, 'रम्या, वाढव.'

'पुढचं लागलंय. पुढचंच करीन.'

'डिग्री हातात नाही अजून आणि आत्ताच साहेब? यल्ला, चल, ठोक!'

'तू ठोक ना, बबनदा. येतं का तुला?'

सगळे हसले. हसायला नको होतं. बबनचा ठोसा असा बसला की रमाकांतचा ओठ दातापर्यंत फाटला. तो पडला, उठला तो जॅकचा दांडा घेऊनच, आणि बबनच्या गुडघ्यावर घातला. हाडाचा आवाज मी ऐकला. मग दोघं तेलात लोळत एकमेकांचे गळे आवळायला लागले. मी मध्ये पडलो, माझं कोपर फुटलं, तरी सोडवलं. बबन लाळ गाळत ओरडला, 'उद्या व्हिसा कॅन्सल करायला लावतो तुझा. पेपर गावाला जाऊन दे!' आणि हातोडा माझ्यापुढे धरला. 'तात्या, तुम्ही.'

मी ठोकलं. एकच घाव. मालकाचं काम होतं, केलं. रमाकांत रक्त थुंकत बघत होता.

व्हिसा काही गेला नाही. असला डेंटर कुठला मालक सोडतो? पेपर त्यानं दिला, डिग्री मिळवली, लागलेल्या गाड्या तपासणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरकडे लागला आणि त्याच कामावर उभा असताना गेला. लोक मला त्याच्या डिग्रीचं सांगतात. मला मात्र आठवते ती मारामारीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ...

मी पोचलो तर शटर आधीच वर. आत रमाकांत. ओठाला टाके, अंगात पेपरसाठी इस्त्री केलेला शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराचं अस्तर काढून, आत लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलके हलके टोले देत होता. थांबला, अस्तर बसवलं, मला म्हणाला, 'बघा.' मी तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून फिरवला. मला माझाच घाव सापडेना. रंगाला तडासुद्धा नाही. 'ऊद मेथाला पेपरचं सेंटर आहे, येतो तात्या,' म्हणाला, हात धुतले आणि गेला.

बबन लंगडत आला. दार बघून त्याचं तोंड काळं पडलं. 'तात्या, परत ठोका.'

मी म्हटलं, 'असं काम मोडायला माझा हात उठत नाही. तुला उठवता येत असेल तर उठव.'

त्यानं खरंच हातोडा उचलला. मी रंगाचा रिकामा डबा ओढला, दाराला पाठ टेकली आणि बसलो. म्हटलं, 'ठोक. पण आधी मला लागेल.'

कंपनीचा माणूस गाडी बघायला येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.