मयूराचा एका हाताचा चाकू

मयूराचा डावा हात खांद्यापासून लुळा आहे. पुण्यात स्कूटी घसरली, तेव्हापासून. तरीही ती एकटी परदेशात, वॉलॉंगॉंगला आली आणि मास्टर्स पूर्ण केलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचा कॅफेतला जॉब गेला, तेव्हा ती हॅरिस पार्कला माझ्या फ्लॅटवर राहायला आली.

जवळच्या किराणा गोडाऊनला माणसं हवी होती. सुपरवायझर संजीवने तिचा हात पाहिला. "अगं, इथे दिवसभर खोकी फोडायची असतात. घडीचा चाकू उघडायलाच दोन हात लागतात."

मयूराने खिशातून स्वतःचा चाकू काढला. त्याच्या पात्यावर छोटी खुंटी आहे. तिला अंगठ्याने जरा रेटा दिला की उरलेलं काम आतली स्प्रिंग करते. टक्. मग अंगठ्याने खटका दाबून, पात्याची बोथट पाठ मांडीवर टेकवून तिने तो मिटवलाही.

"लागतात का?"

"जादूचे प्रयोग नकोत. आज ट्रायल दे. माल फाडलास तर उद्या येऊ नकोस."

पहिल्याच खोक्यात पातं खोल गेलं आणि पोहे जमिनीवर सांडले.

"झाला नाश्ता," संजीव म्हणाला. "अजून एक पिशवी, की घरी."

तिने बाकीच्यांचे हात निरखले. ते डाव्या हाताने खोक्याचं झाकण उचलून धरत होते, म्हणून त्यांचं पातं आत घुसत नव्हतं. तिने खोकं कमरेने रॅकला दाबलं, चाकू जवळजवळ आडवा केला आणि तर्जनी पात्याच्या कडेला चिकटवली. नखाएवढंच टोक पुढे. फक्त चिकटपट्टी कापली गेली.

दुपारपर्यंत तिने एकशे बारा खोकी फोडली. पुढे एकही पिशवी फाटली नाही. शेजारी काम करणाऱ्या, दोन्ही हात धडधाकट असलेल्या रविंद्रने तीन फाडल्या.

"बघू तुझा चाकू," रविंद्र म्हणाला.

तिने तो मिटवून खोक्यावर ठेवला आणि मागे सरकली.

"हातात दे ना."

"हातात दिला की भांडण होतं, आई म्हणते. शिवाय कोरोनाचं दीड मीटर अंतर."

संजीव हसला. "रवी, तुला दोन हात असून उपयोग काय? मयूरा, सोमवारपासून ये. पण या सगळ्यांना शिकवावं लागेल."

"शिकवते की," मयूरा म्हणाली. "फक्त चाकू ज्याने त्याने स्वतःचा आणायचा."