सुधाकररावांचा आरसा

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं दर शनिवारी जमायचो. जेवण पॉटलक, म्हणजे भाजी ज्याची त्याची, थट्टा मात्र एकट्या सुधाकररावांची! ऐंशीच्या दशकात त्यांनी एक आरसा घेतला आणि आम्हाला दुसरा विषयच लागला नाही.

*

आरसा इस्टेट सेलमधला, म्हणजे कुणी वारल्यावर त्याच्या घरातच मांडलेल्या विक्रीतला. इंग्लंडचा, तिसऱ्या जॉर्जच्या काळातला. कोरीव लाकडी चौकटीवर सोन्याचा वर्ख, माथ्यावर लांब चोचीचा पक्षी. स्टेशन वॅगनमध्ये तो आडवा ठेवल्यावर नलिनीवहिनींना जागाच उरली नाही. "तू थांब, मी याला घरी सोडून येतो," म्हणून हे निघाले. वहिनी दोन तास परक्या घराच्या पायरीवर!

*

काच इतकी डागाळलेली, की तोंड धड दिसेना. माझी बायको म्हणाली, "भावोजी, यात मी दिसतच नाही!"

"वहिनी, यात बघायचं नसतं. याच्याकडे बघायचं असतं!"

*

"इंग्रजांनी आपलं सोनं नेलं, मी थोडं परत आणलं," ते एकदा ऐटीत म्हणाले.

नागपूरच्या वानखेड्यांनी चौकटीला टिचकी मारली. "अहो, आत लाकूडच आहे ना! सोनं नुसतं वरवरचं."

"मग त्यांचं राज्य तरी काय होतं?"

*

खरं तर गडी मनातून धास्तावलेला. आरसा अस्सल नसेल तर? त्यांनी शिकागोच्या एका तज्ज्ञाची मिनतवारी चालवली होती. तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!

अशात साताऱ्याहून त्यांच्या आई आल्या. तिसऱ्याच दिवशी ओलं फडकं घेऊन आरशापुढे उभ्या!

"आई, पाणी नको! सोनं निघेल!"

"पाण्यानं निघतं ते कसलं रे सोनं?"

*

फडकं सुटलं, टिकली सुटली नाही. तोंड धुवायला जाताना आई कपाळावरची टिकली काढून सवयीनं त्याच आरशाला चिकटवायच्या. सुधाकरराव ती कापसानं अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी नवी हजर! त्यांची मुलगी ओरडायची, "डॅड, द मिरर हॅज चिकनपॉक्स!"

सहा महिन्यांनी आई परत गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात वारल्या. बर्फामुळे फ्लाइट कॅन्सल झाली, सुधाकररावांना पोचता आलं नाही. आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. दोन शनिवार कुणी थट्टा केली नाही.

*

शेवटी तज्ज्ञ आला. भिंग, टॉर्च, तासभर तपासणी. सुधाकरराव तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.

"चौकट ओरिजिनल. काच ओरिजिनल. पक्षीसुद्धा!"

आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्यानं काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर नख टेकवलं. हे मात्र नंतरचं दिसतंय, म्हणाला, काढून टाकू का?

सुधाकररावांनी त्याचा हात धरला.

"नो, नो. दॅट इज ओरिजिनल."