पाठमोरा माणूस

बंदरावरचे हमाल त्याला मिचक्या म्हणत. चाळीस वर्षं डावा डोळा मिटून उजव्याने जग बघितल्यामुळे हातात कॅमेरा नसतानाही त्याचा डावा डोळा अर्धा मिटलेला असे. नव्या माणसाला वाटे, हा आपल्याला डोळा मारतोय. बर्फाच्या कारखान्यातल्या एका बाईने त्यावरून त्याला भर रस्त्यात झापलं होतं. झापून ती बर्फाची लादी उचलायला वळली, तेवढ्यात याने तिचा फोटो काढला. तो फोटो शहरात बऱ्याच जणांनी पाहिला आहे. कुणी काढला म्हणून विचारलं, तर ते त्याच्या थोरल्या भावाचं नाव सांगतील.

स्टुडिओ भावाचा होता. कस्टमच्या इमारतीमागच्या गल्लीत चार पायऱ्या उतरून जायचं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे डार्करूम. भाऊ काउंटरवर बसे. त्याला माणसं सांभाळता येत. रडणारं मूल, घाईतला कारकून, फोटोत जाड दिसते म्हणून भांडायला आलेली बाई, सगळी त्याच्यापुढे पाच मिनिटांत नरम येत. मिचक्या नुसता बघत राही. "तू बाहेर जा बाबा, गिऱ्हाइकं घाबरतात," भाऊ म्हणे.

मग तो बाहेर जाई. दीपगृह, घड्याळाचा मनोरा, माशांचा धक्का, फुटपाथवरचा न्हावी, जाळी विणताना एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या बायका, ओहोटीला उघड्या पडलेल्या होड्या. परत आला की फिल्म स्वतः धुवी, प्रिंट स्वतः काढी. प्रिंट वाळली की भाऊ तिच्या मागे स्टुडिओचा शिक्का मारी. शिक्क्यात भावाचं नाव होतं, कारण पाटीवर तेच होतं. पाटी नव्याने रंगवायला काढली तेव्हा याने एकदाच विषय काढला होता. "जागा किती आहे ते बघ," भाऊ म्हणाला, "आणि आपण काय वेगळे आहोत का?" विषय तिथेच मिटला.

भाऊ वारला. पुतण्याने स्टुडिओ मोडून मोबाइलच्या कव्हरांचं दुकान थाटलं. निगेटिव्हचे अकरा डबे घरात जागा अडवत होते, ते त्याने नगरपालिकेच्या संग्रहालयाला देऊन टाकले. अर्जावर लिहिलं, 'वडिलांचा छायाचित्रसंग्रह'. खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही. डब्यांवर तेच लिहिलेलं होतं.

संग्रहालयाने त्यातून एकशेबारा फोटो निवडून पुस्तक आणि प्रदर्शन करायचं ठरवलं. पण कुठला रस्ता कुठला, हे पुतण्याला सांगता येईना. "काकांना विचारा," तो म्हणाला, "ते बाबांच्या हाताखाली होते."

तीन दिवस मिचक्या संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बसून फोटोंखाली जागा आणि सालं लिहीत होता. काम बघणारी अधिकारी तरुण होती, चहा स्वतः आणून द्यायची. चौथ्या दिवशी तिने मुखपृष्ठाचा नमुना त्याच्यापुढे ठेवला.

"हे चुकलंय," तो म्हणाला.

"नावात काही राहिलं का?"

"नाव बरोबर आहे. माणूस चुकलाय. हे मी काढलेत."

तिने पेन खाली ठेवलं. "सगळे?"

"सगळे. तो काउंटर सोडून हलत नसे."

"काका, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण शिक्का त्यांचा, डबे त्यांचे, अर्ज त्यांच्या मुलाचा. तुमचं नाव फक्त स्टुडिओच्या पगाराच्या वहीत आहे. मदतनीस म्हणून. मी वरिष्ठांना काय दाखवू?"

त्याने गठ्ठा पुढे ओढला आणि सहा फोटो बाजूला काढले. घड्याळाचा मनोरा, दीपगृहाचा पाया, गोदीचं दार, अशी मोठाली बांधकामं. प्रत्येकात खाली कोपऱ्यात एक माणूस उभा होता, आपल्याकडे पाठ करून.

"हा माझा भाऊ."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. मनोरा नुसता काढला तर तो किती उंच ते कळत नाही, शेजारी माणूस लागतो. रविवारी स्टुडिओ बंद असे. सकाळी आठच्या आत, ऊन समुद्रावरून सपाट येत असताना, तो भावाला घेऊन निघे आणि त्याला उभा करी. साडेपाच फुटांची हक्काची मोजपट्टी. भाऊ कुरकुरे. "आठवड्यातून एक दिवस झोपू दे रे." पण येई. आणि वळून हसायला लागला की हा ओरडे, "तिकडे तोंड कर! चेहरा दिसला की लोक चेहराच बघतात, मनोरा राहतो बाजूला." एकदाही त्याने भावाला तोंड वळवू दिलं नव्हतं.

अधिकारीबाईने सहाही फोटो पुन्हा नीट पाहिले. "हे तेच असतील, तर निदान हे सहा त्यांनी काढलेले नाहीत. तेवढ्यावर मी पुस्तकावर दोन्ही नावं घालू शकते. पण ओळखणार कोण?"

पुतण्याला बोलावलं. तो फोटो उलटसुलट करून म्हणाला, "पाठ काय, कुणाचीही असेल. मी तेव्हा पाळण्यात होतो. आईला विचारा. आई म्हणेल ते मला मान्य."

मिचक्याला हायसं वाटलं. वहिनी खोटं बोलणारी बाई नव्हती. भाजीवाल्याने चुकून जास्त तोलून दिलं, तर अर्ध्या वाटेतून परत जाणारी. त्या संध्याकाळी बऱ्याच वर्षांनी त्याने दाढी दोनदा केली आणि बायकोला म्हणाला, "दोन नावं आली तरी पुष्कळ."

"तुमचं आधी की त्यांचं?" बायकोने विचारलं.

"थोरला तो आहे."

"मरा असेच," ती म्हणाली. पण शर्ट तिनेच इस्त्रीला काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. पुतण्याने खुर्ची पुढे केली. तिने चष्मा पुसला आणि मनोऱ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. फोटोतल्या माणसाचा डावा खांदा किंचित उतरलेला होता. हात मागे, उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं. मिचक्याला ते मनगट अंधारातही ओळखता आलं असतं.

"नाही हो," वहिनी म्हणाली. "हे ते नव्हेत."

"नीट बघा वहिनी. घाई नाही."

तिने उरलेले पाचही पाहिले, प्रत्येकाला सारखा वेळ देऊन. "कुणी दुसरंच आहे. रस्त्यावरचा असेल कुणी." मग चष्मा डबीत ठेवला. अधिकारीबाईने तिच्यापुढे कागद सरकवला आणि तिने सही केली. मिचक्याकडे तिने पाहिलं नाही. तिला खोटं पाडायला त्याच्याजवळ भावाचा चेहरा नव्हता, आणि तो का नव्हता हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पुस्तक एका नावाने निघालं. शेवटच्या पानावर, ज्यांचं सहकार्य लाभलं त्या यादीत, वीज विभागानंतर आणि छापखान्याच्या आधी मिचक्याचंही नाव होतं. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी पुतण्याने भाषण केलं. बाबा पहाटे कॅमेरा घेऊन कसे निघत, ते त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या. सहा फोटोंखाली 'अनोळखी नागरिक' असं छापलेलं होतं.

मिचक्या बघायला गेला तो तिसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना. मनोऱ्याच्या फोटोपुढे वहिनी एकटीच उभी होती.

"ही कॉलर बघितलीत भावोजी?" ती म्हणाली. जणू मधे काही झालंच नव्हतं. "विरली होती. मी उसवून उलटी शिवली होती. मोठ्या फोटोत टाके दिसतात हो."

"मग त्या दिवशी नाही का दिसले?"

"दिसले की." ती फोटोकडेच बघत होती. "दोन नावं झाली की लोक विचारतात, कुणी काय केलं. मग यांचं काय उरलं असतं सांगा? आयुष्यभर त्या खुर्चीत बसले. मागे राहिली मोबाइलची कव्हरं. एवढं एक नाव राहतंय, राहू दे."

"आणि माझं?"

"तुम्ही आहात की अजून," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. दूध आहे की घरात, म्हणावं तशी म्हणाली.

मग तीच पुढे म्हणाली, "याची एक कॉपी काढून द्याल का? घरातले यांचे सगळे फोटो स्टुडिओतले, हनुवटी वर करून बसलेले. असे मला ते रस्त्याने दिसायचे. कधी बरोबरीने चालले नाहीत, नेहमी चार पावलं पुढे."

"मला नाही काढता येणार, वहिनी. निगेटिव्ह संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, आणि हक्क तुमच्या मुलाकडे. अर्ज करावा लागतो. त्याची सही लागेल."

त्याला वाटलं होतं, ती गप्प होईल, निदान मान खाली घालेल. तिने पिशवीतून जुनं बिल काढलं, ते पाठीमागून कोरं आहे का पाहिलं आणि पेन उघडलं.

"कुणाच्या नावाने करायचा अर्ज?"

त्याने सांगितलं. दुसरा मजला, डावीकडची तिसरी खोली, शनिवारी दुपारनंतर बंद. तिने सगळं लिहून घेतलं आणि बरोबर लिहिलंय ना, म्हणून एकदा त्याला वाचून दाखवलं.