झिजलेलं कपाळ

आईच्या रेशमी साड्यांखाली ते चित्र होतं. पेन्सिलीनं काढलेलं, विशीतल्या एका बाईचं. नाव नाही, चित्रकाराची सही नाही. खांदे आखडलेले, नजर बाजूला. समोर बसून राहायची तिला सवय नसावी.

आईच्या मासिक श्राद्धाला पापनाशमहून आलेल्या मावशीनं ते एकदाच पाहिलं आणि कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"कपाळ मोकळं आहे. कोण कुठली विधवा. माझ्या आक्काच्या, तुझ्या आईच्या फोटोशेजारी हिला लावायची नाही. वेण्णार नदीत सोडून ये."

"कोण आहे ते न कळता?"

"कळून काय करणार? तुझ्या त्या पोथ्यांत घालणार?"

मी राजवाड्याजवळच्या ग्रंथालयात जुने कागद वाचते. अक्षर लागत नसेल तेव्हा कागद कुठे झिजलाय ते पाहायचं, ही तिथली सवय. पोथीचे कोपरे झिजतात, कारण पान उलटताना बोट तिथंच लागतं. चित्र मी खिडकीशी धरलं. कोपरे शाबूत होते. झिजली होती ती भुवयांच्या मधली एवढीशी जागा. उजेड तिथून आरपार येत होता आणि कागदाच्या तंतूंत फिकट लाली होती.

म्हणजे कपाळ मोकळं नव्हतं. चित्रकारानं जागा सोडली होती आणि कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं कुंकू लावून पुसत आलं होतं.

मग अविधवा नवमी आठवली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा पितृपक्षातला दिवस. आई दरवर्षी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायची. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, घरची रीत. पण आमची आजी आजोबांच्या मागे कितीतरी वर्षं जगली. मग जेवण कुणाच्या नावाचं होतं? बाबा गेले आणि ते बंद झालं, कारण ही नवमी नवरा असेपर्यंतच करतात. तरी आईच्या कपाटात, एका विधवेच्या कपाटात, चित्राशेजारी कुंकवाचा करंडा होता, आणि त्यातलं कुंकू ताजं होतं.

मी मावशीला म्हटलं, "ही बाबांची पहिली बायको."

मावशीनं चित्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "बाळंतपणात गेली. आक्कानं शपथ घातली होती, लेकरांना सांगायचं नाही. मी दुसरी आहे हे त्यांच्या मनात यायला नको, म्हणायची. आता ती नाही, तर मी कशी मोडू?"

"तू मोडली नाहीस. मी वाचलं."

"फार शिकलीस," मावशी म्हणाली. "लोक विचारतील, ही कोण. आक्का दुसरी ठरेल."

"ठरू दे. दुसरी होती म्हणूनच तर पहिलीला इतकं जपलं तिनं. ते लपवलं तर आईचंच काहीतरी नदीत सोडल्यासारखं होईल."

"सरि, बरं तर," मावशी म्हणाली. "तुझं घर, तुझी भिंत."

मी चित्र आईच्या फोटोशेजारी लावलं, पण त्याला काच लावली नाही. लावली असती तर बोट कागदापर्यंत पोचलं नसतं. त्या वर्षीच्या नवमीला, रीत संपली असली तरी, शेजारच्या तमिळ मामींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. आधी करंडा उघडून झिजलेल्या जागी कुंकू टेकवलं. जागा शोधावी लागली नाही.

मावशी न सांगता आली. पिशवीतून मोगऱ्याचा गजरा काढला, दातांनी दोरा तोडून त्याचे दोन केले आणि स्टूल मागितलं.