सावलीत वाळवलेले लंगोट

मे महिन्यात आमच्या फैजपूरकडे ऊन असं असतं, की ओली गोधडीसुद्धा बघता बघता कडक वाळते. त्याच मे महिन्यात माझ्या लेकाचे लंगोट आईनं खोलीतल्या दोरीवर, पंख्याखाली वाळवले.

बाळंतपणाला मी माहेरी आले होते. आईचा हेका एकच. बारसं होईस्तोवर लेकराचं फडकं उघड्या आभाळाखाली टाकायचं नाही. वरून पाखरू गेलं, त्याची सावली कपड्यावर पडली, की लेकरू खंगतं. मी चिडले, "अगं, या उन्हात कोणतं पाखरू येतंय मरायला?" पण बाळंतिणीचं कोण ऐकतं!

लंगोट माझ्या वडिलांच्या जुन्या धोतरांचे. तान्ह्याला नवं कापड लावायचं नाही, वापरून मऊ झालेलंच हवं, ही आमच्याकडची रीत. धोतरं वर्षभर पत्र्याच्या पेटीत होती. आईनं ती फाडली, पाण्यातून पिळली आणि दोरीवर टाकली. झळा नकोत म्हणून खिडक्याही बंद. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. मला मेलीला तो स्वच्छतेचा वास वाटायचा.

बाळ पिवळं दिसायला लागलं. लंगोटावर लघवीचा डाग पडला तो कोऱ्या चहासारखा. "उष्णता झाली असंल," आई म्हणाली. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना, अंग ताठ करून किंचाळायला लागलं, तेव्हा कुठे आम्ही जळगावला पळालो.

अंगातलं रक्त बदललं. बाळ वाचलं. कान गेले, हे काही महिन्यांनी कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता होती, आणि अशा बाळाला डांबरगोळी म्हणजे विष. कपडे नीट धुऊन दोन दिवस उन्हात टाकले असते तर बराचसा अंश उडून गेला असता. ऊन! जळगाव जिल्ह्यात, मे महिन्यात, माझ्या लेकाच्या लंगोटांना ऊन मिळालं नाही. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

"गोळ्या कोणी टाकल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा आणि सासूबाई शेजारीच उभे होते.

"म्याच टाकल्या, दादा," आई म्हणाली. "माझीच अक्कल गेली."

खोटं होतं ते. आई जन्मभर पेटीत कडुनिंबाचा पाला घालत आली. आदल्या दिवाळीला गोळ्यांची पुडी मीच नेली होती. "कसला हा कचरा घालतेस गं," म्हणत तिचा पाला उकिरड्यावर फेकला होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. आईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

लेक आता चार वर्षांचा आहे. सासूबाई त्याला आजोळी पाठवत नाहीत. "त्या अडाणी बाईनं माझ्या नातवाचे कान खाल्ले," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्यादेखत. मी चहा ठेवायला आत जाते.

आई फोनवर विचारते, "दोन दिवस धाडशील का गं त्याला?"

"बघते," मी म्हणते. कालही तेच म्हणाले.