ओदीलचा कोट

जानेवारीत आमच्या ब्रुसाकला कोणी मुद्दाम येत नाही. फ्रान्सच्या ऐन मध्यातलं टेकडीवरचं गाव, एक चर्च, एक बेकरी, एक औषधांचं दुकान आणि माझा कॅफे. वर भाड्याच्या तीन खोल्या आहेत, पण हिवाळ्यात त्यांत मी बटाटे ठेवते. म्हणून त्या रविवारी दुपारी एक नवराबायको आत आले आणि नवऱ्याने खोली मागितली, तेव्हा मी आधी विचारलं, "वाट चुकलात का?"

"नाही," तो म्हणाला. "घर बघतोय. राहायला."

त्याचं नाव फिर्मां. सगळं आयुष्य दुधाचा टँकर चालवला, शेतोशेती फिरून दूध गोळा केलं. आता निवृत्त झाला तरी पायाची भिंगरी गेलेली नव्हती. सूप समोर आलं तरी हा उभाच. हीटरला हात लावून पाहिला, भिंतीवर टिचक्या मारल्या, खिडकीतून चौक पाहिला, डॉक्टर कुठे बसतात ते विचारलं. बायको ओदील शेगडीजवळ बसली होती, कोटाची सगळी बटणं लावून. मी म्हटलं, "मादाम, कोट द्या, खुंटीला लावते."

"राहू दे," ती म्हणाली. "काढला की लगेच घालावा लागतो."

मला आधी वाटलं, शिष्ट आहे. मग तो गाडीतलं सामान बघायला बाहेर गेला आणि ती बोलायला लागली. बोलताना तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. निवृत्तीच्या दिवशी त्याने घर विकून टाकलं आणि तिला म्हणाला, आता तुला आवडेल त्या गावात राहू. तेव्हापासूनचा हा तिसरा हिवाळा. उन्हाळाभर ती दोघं तिच्या बहिणीकडे राहतात आणि डिसेंबर लागला की गाडी काढतात. त्याचं म्हणणं, उन्हाळ्यात कुठलंही गाव गोड दिसतं. जानेवारीत आवडेल तेच खरं. आणि जानेवारीत त्याला एकही गाव आवडत नाही. मूलां गावात नदीचं धुकं. ओब्युसाँमध्ये चढ. इसूदँ सपाट, म्हणजे वारा. कुठे सोमवारी पाव मिळत नाही, कुठे घंटा फार वाजते. ला शार्त्रमध्ये एक घर ओदीलला इतकं आवडलं की तिने पडदे कुठे लावायचे तेही ठरवलं होतं. फिर्मां म्हणाला, शेजाऱ्याचा कुत्रा नजरेला नजर देत नाही.

"मला गाव नकोच आहे, मादाम रेमोंद," ती म्हणाली. "मला फक्त थांबायचंय. आता प्रत्येक हॉटेलात सकाळी उठले की आपण कुठे आहोत हे आठवावं लागतं. परवा आठवलंच नाही."

तिचा आवाज साधाच होता. मला मात्र त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि मी राग लपवणाऱ्यांतली नाही. तो आत आल्यावर तोंडावर विचारलं, "कुठे बूड टेकवायला काय होतं तुम्हाला?"

त्याला राग आला नाही. तो म्हणाला, "माझे वडील पोस्टमन होते. सायकलवर अख्खा मुलूख पालथा घालायचे. निवृत्त झाले, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याच खुर्चीवर गेले. धडधाकट माणूस. बसला म्हणून गेला." मी त्याला आणखी सूप वाढलं.

संध्याकाळी आमची मंडळी जमली. सहा जानेवारीपासून, म्हणजे तीन राजांच्या सणापासून, महिनाभर दर रविवारी माझ्याकडे गालेत, म्हणजे सणाचा गोल केक, कापतात. बदामाचं सारण, वर पापुद्रे, आणि आत कुठेतरी चिनीमातीची एक इवलीशी वस्तू लपवलेली. तिला अजून दाणाच म्हणतात, माझ्या आजीच्या वेळी खरंच वालाचा दाणा असायचा. ज्याच्या तुकड्यात दाणा, तो त्या दिवशीचा राजा, आणि पुढच्या रविवारची गालेत त्याने आणायची. आणायची म्हणजे स्वतः हजर राहून. जमलेल्यांत जो सगळ्यात लहान, तो टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते सांगतो. आमच्याकडे सगळ्यात लहान म्हणजे औषधवाली कोरीन, बेचाळीस वर्षांची. ती दरवेळी गुडघे धरत खाली जाते आणि दरवेळी म्हणते, "देवा, या गावात एक तरी मूल जन्माला घाल."

पाहुण्यांनाही तुकडे दिले. सगळे जपून चावत होते. ताटल्या रिकाम्या झाल्या आणि दाणा कोणाकडेच नाही.

"लुसियां, घालायला विसरलास," कोरीन म्हणाली.

लुसियां आमचा बेकरीवाला. तो लालबुंद झाला. "मी माझ्या हाताने घातलाय. निळी कोंबडी."

तेव्हा मी फिर्मांकडे पाहिलं. उजवा गाल किंचित फुगलेला, ओठ घट्ट, नजर छताला. दाणा गालात लपवायची ही युक्ती या देशात सगळ्यांना ठाऊक आहे, चिकट माणसं करतात. हा चिकट नव्हता. याला फक्त पुढच्या रविवारी इथे असायचं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दिसलं की ओदीलही त्या गालाकडेच बघतेय. जन्मभर पाहिलेला गाल, तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"माझ्याकडे होता," ती म्हणाली. "गिळला मी."

एकच हशा झाला. "मादाम, उद्या कोंबडी अंडं घालेल हं," लुसियां म्हणाला. कोरीनने पुठ्ठ्याचा मुकुट तिच्या लोकरी टोपीवरच चढवला. राणीने राजा निवडायचा असतो. सगळे फिर्मांकडे बघायला लागले, आणि तिने लुसियांकडे बोट केलं. "हे. हे इथलेच आहेत ना? मग हे."

"म्हणजे पुढचा रविवार तुमचा," मी म्हटलं.

"माझा. मी आणीन."

फिर्मांचे डोळे मोठे झाले. पण बोलणार कसा? तोंड उघडलं तर दाणा दिसणार. बिचारा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसून राहिला आणि त्याच्या देखत त्याचा आठवडा ठरून गेला.

मंडळी गेल्यावर दोघं वर गेली. माझं छत पातळ आहे, आणि खरं सांगते, मी ताटल्या विसळणंही थांबवलं.

"खोटं बोललीस तू."

"आणि तू बोललासच नाहीस."

"ओळख ना पाळख, त्यांच्या एका गालेतसाठी आठवडा काढायचा? उद्या सकाळी निघू. कोण विचारतंय?"

"मी शब्द दिलाय, फिर्मां."

"मी थांबलो तर मरेन, ओदील. तुला माहितेय."

मग ती म्हणाली, "आणि मी फिरत राहून मरतेय, ते तू कधी पाहणार?"

सकाळी त्याने गाडी सुरू केली आणि हॉर्न वाजवला. ती सपाता घालून बाहेर गेली. "माझं शिलाई मशीन काढून दे," एवढंच म्हणाली. तीन हिवाळे ते मशीन गाडीच्या डिकीत देशभर हिंडत होतं. तो उतरला, ते धूड उचललं, शिव्या घालत जिना चढला, खिडकीशी ठेवलं. मशीन डुगडुगतं का तेही पाहिलं आणि पायाखाली कागदाची घडी घातली. मग निघून गेला.

त्या आठवड्यात ओदीलने माझे पडदे शिवले, कोरीनच्या दुकानातले पांढरे कोट उसवून नीट केले. पण तिचं चित्त कशात नव्हतं. टेकडी चढून गाडी आली की मशीन थांबायचं, गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू. तो रोज संध्याकाळी कॅफेत फोन करायचा, रोज वेगळ्या गावातून. तिच्याशी नाही, माझ्याशी बोलायचा.

"तिकडे बर्फ आहे का?"

"आहे. तुम्ही कुठे?"

"नेव्हेरला. खोली बरी आहे. पण जिना कुरकुरतो." मग जरा थांबून, "ती जेवते ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त," मी म्हणायचे.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. ओदीलने एकच शिवण तीनदा उसवली, आणि माझाही जीव टांगणीला लागला.

रविवारी कॅफे कधी नव्हे इतका भरला. अर्धे लोक गालेतसाठी आले होते, अर्धे तमाशा बघायला. ओदीलने लुसियांकडून गालेत आणली होती. सुरी हातात घेतली आणि बाहेर गाडी थांबली. फिर्मां आत आला, दाढी वाढलेली, हातात खोका. त्याने खोका टेबलावर ठेवला, खिशातून निळी कोंबडी काढून त्यावर ठेवली.

"दाणा माझ्याकडे होता," तो सगळ्यांना म्हणाला. "गालात धरून बसलो होतो. गालेत मी आणायची होती. ही घ्या."

"परगावची," लुसियां खोक्यावरचं नाव वाचत म्हणाला. "हे मात्र त्या गालाहून वाईट."

लोक हसले. फिर्मां हसला नाही. तो ओदीलकडे वळला. "शब्द माझ्याकडून फिटला. तुझा आता काही संबंध नाही. चल. गाडी चालूच ठेवलीय."

आता कॅफेत कोणी हसत नव्हतं. मला वाटलं, संपलं, जाणार ही. ओदीलने सुरी खाली ठेवली आणि दाराकडे गेली. खुंटीवर तिचा कोट होता. तिने त्याला हात लावला नाही. तशीच नुसत्या एप्रनवर बाहेर बर्फात गेली. आम्हाला इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. ती परत आली, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि पुन्हा सुरी घेतली.

"आज दोन गालेत आहेत," ती म्हणाली. "बस, फिर्मां."

"ओदील, मी बसलो की..."

"माहितेय. म्हणूनच माझ्या शेजारी बस. मी लक्ष ठेवीन."

तो बसला. खुर्चीच्या अगदी कडेवर, कोट गळ्यापर्यंत बंद, टेबलाखाली एक पाय हलतोय. तो पाय खाली बसलेल्या कोरीनच्या अगदी नाकासमोर होता. ती खालून ओरडली, "हा पहिला तुकडा या पायवाल्याला." त्याने घास घेतला. सगळं गाव त्याच्या गालाकडे बघत होतं. त्याने शांतपणे चावून गिळलं आणि दातांच्या डॉक्टरकडे उघडावं तसं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. रिकामं होतं. ओदील इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते थांबेना.

डोळे पुसून ती म्हणाली, "कोट काढ."

त्याने गळ्याशी हात नेला. दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि वरचं एक बटण काढलं. त्या दिवशी तेवढंच.